विश्लेषण : फॉलोअर वाढले, पण माणसे जोडली गेली का? समाजमाध्यमांवरील धर्मसेवेचा धडा चर्च कसे गिरवत आहे?

रविवारची मिस्सा यूट्यूबवर, रोजचे बायबल वचन व्हॉट्सॲपवर आणि तरुणांसाठी इन्स्टाग्रामवर दीड मिनिटाचे रील. गेल्या काही वर्षांत जगभरातील चर्च समाजमाध्यमांवर स्थिरावले आहेत. जुलै २०२५ मध्ये व्हॅटिकनने ‘डिजिटल मिशनरी’ आणि कॅथलिक इन्फ्लुएन्सर यांचा स्वतंत्र मेळावा रोममध्ये भरवला. मात्र याच काळात चर्चमध्ये एक अवघड प्रश्नही विचारला जाऊ लागला. पडद्यावर हजारो लोक दिसतात, पण त्यातल्या किती जणांच्या आजारपणात, एकटेपणात, दुःखात चर्च खरोखर पोहोचते? समाजमाध्यमांचा वापर आणि चांगला वापर यांत फरक काय, याविषयी…

चर्च आणि माध्यमे यांचे नाते किती जुने?

नवे माध्यम आले की आधी धास्ती, मग वापर आणि शेवटी नियम, असा चर्चचा साधारण प्रवास राहिला आहे. व्हॅटिकन रेडिओ १२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू झाला. त्याची उभारणी बिनतारी संदेशवहनाचे जनक मार्कोनी यांनी केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी वृत्तपत्रे, चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांविषयी स्वतंत्र आदेश काढला. १९६७ पासून दर वर्षी जागतिक संज्ञापन दिन पाळला जाऊ लागला. व्हॅटिकनचे संकेतस्थळ १९९५च्या नाताळात आले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी १२ डिसेंबर २०१२ रोजी पहिले ट्वीट केले, तर पोप फ्रान्सिस १९ मार्च २०१६ रोजी इन्स्टाग्रामवर आले.

महाराष्ट्र आणि गोव्याला ही गोष्ट नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. परका संदेश इथल्या लोकांच्या ओवीत, त्यांच्या ओळखीच्या पुराणाच्या घाटात सांगण्याचा तो प्रयत्न होता. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू झाले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि कीर्तन ही रूपे ख्रिस्ती उपासनेत आणली. या तिन्ही उदाहरणांत माध्यम वेगळे असले तरी लोक जिथे आहेत तिथे आणि ते ज्या भाषेत ऐकतात त्या भाषेत जाणे, हे सूत्र समान आहे. आजच्या चर्चेचे मूळही तेच आहे.

करोनाकाळात नेमके काय बदलले?

मार्च २०२० पर्यंत चर्चचे फेसबुक पान ही बहुतेक ठिकाणी हौसेची बाब होती. टाळेबंदीने ती गरज बनवली. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी पावसात, पूर्ण रिकाम्या सेंट पीटर्स चौकात प्रार्थना केली आणि जगाने ती पडद्यावर पाहिली. १२ एप्रिलचा ईस्टर असंख्य कुटुंबांनी घरातच साजरा केला. ज्या धर्मगुरूंनी कधी कॅमेऱ्यासमोर बोलून पाहिले नव्हते, ते मोबाइल उभा करून, एखाद्या तरुणाच्या मदतीने थेट प्रक्षेपण करू लागले. हे फक्त चर्चपुरते नव्हते. त्याच वर्षी आषाढी वारीत संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या आणि घरी थांबलेल्या वारकऱ्यांनी कीर्तने मोबाइलवर ऐकली.

या काळाने दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे जे आधीच चर्चपासून दूर होते, त्यांच्यापर्यंत ऑनलाइन वाट पोहोचते. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, रात्रपाळीच्या परिचारिका, जहाजावरचे खलाशी, आखाती देशांत किंवा कॅनडात गेलेले वसईकर आणि गोवेकर गावच्या सणाशी पडद्यावरून जोडले गेले. दुसरी गोष्ट उलट होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा तो वापरता येत नाही, ते या नव्या गर्दीतून सहज निसटले. चर्च ऑफ इंग्लंडने एप्रिल २०२० मध्ये ‘डेली होप’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली ती याचसाठी. साधा फोन लावला की स्तोत्रे, प्रार्थना आणि छोटे चिंतन ऐकू येई. सर्वांत नवे माध्यम हेच सर्वांत उपयोगी असते असे नाही, हा त्यातला धडा होता.

ऑनलाइन मिस्सा म्हणजे मिस्साच का?

कॅथलिक चर्चची भूमिका याबाबत जुनी आणि स्पष्ट आहे. इंटरनेटवर संस्कार नाहीत, असे व्हॅटिकनच्या २००२ मधील ‘चर्च आणि इंटरनेट’ या दस्तऐवजात म्हटले आहे. बाप्तिस्मा, ख्रिस्तप्रसाद, पापांची कबुली आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग यांसाठी माणूस समोर असावा लागतो. त्यामुळे कबुली व्हिडीओ कॉलवर किंवा चॅटवर दिली जात नाही. आजारी, वृद्ध आणि प्रवासात अडकलेले यांच्यासाठी प्रक्षेपण हा आधार आहे. ते मंदिरातील उपस्थितीची जागा घेत नाही.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत यावर एकमत नाही. टाळेबंदीत काहींनी घराघरांत भाकर आणि द्राक्षरस ठेवून पडद्यासमोर प्रभुभोजन केले, तर काहींनी मंडळी पुन्हा एकत्र येईपर्यंत ते थांबवले. मतभेद धर्मशास्त्राचा असला तरी त्यामागचा प्रश्न व्यवहाराचा आहे. एकत्र असणे म्हणजे काय? २०२३ च्या व्हॅटिकन दस्तऐवजात याचे साधे उत्तर आहे. पडद्यावरून जेवण वाटून घेता येत नाही. म्हणूनच ऑनलाइन भेट प्रत्यक्ष भेटीकडे नेणारी असावी, अशी अपेक्षा त्यात मांडली आहे.

२०२३ चा हा दस्तऐवज काय सांगतो?

व्हॅटिकनच्या संज्ञापन विभागाने मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील वावराविषयी ‘पूर्ण उपस्थितीकडे’ अशा आशयाचे चिंतन प्रसिद्ध केले. ही नियमावली नव्हे. त्याचा आधार बायबलमधील चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आहे. वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाला पाहून धर्मपंडित पुढे निघून जातात आणि परका समजला जाणारा शोमरोनी मात्र थांबतो. त्याच्या जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो, खर्चही उचलतो. आजच्या डिजिटल महामार्गावरही द्वेषाने आणि फुटीने जखमी झालेली माणसे पडलेली असतात. आपण बोट सरकवून पुढे जातो की थांबतो, असा प्रश्न हा दस्तऐवज विचारतो.

यातील तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. एक, बोलण्याआधी ऐकणे. समाजमाध्यम हे ध्वनिवर्धक नाही, तिथे समोरचाही बोलत असतो. दोन, वापरकर्ता हा ग्राहक असतो आणि त्याच वेळी विकली जाणारी वस्तूही असतो, याचे भान ठेवणे. तीन, प्रत्येक ख्रिस्ती व्यक्ती आपापल्या वर्तुळात लहानसा इन्फ्लुएन्सर असते, म्हणून जबाबदारी प्रत्येकाची आहे आणि फॉलोअर जितके जास्त तितकी ती वाढते. बिशप, धर्मगुरू आणि प्रमुख प्रापंचिक यांच्याकडूनही कधी कधी फूट पाडणारा मजकूर प्रसृत होतो, अशी कबुली दस्तऐवजात आहे. संस्थेने स्वतःकडे बोट दाखवावे, हे लक्षणीय मानले गेले.

चर्च ऑफ इंग्लंडने याआधीच, १ जुलै २०१९ रोजी डिजिटल सनद आणि समाजमाध्यमांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या होत्या. सत्य, दयाळूपणा, स्वागत, प्रेरणा आणि एकोपा ही त्या सनदेची पाच सूत्रे. मतभेद सभ्यपणे मांडा, दुसऱ्याचे काम वापरले तर श्रेय द्या, पोस्टची जबाबदारी घ्या, अशा त्यातील सूचना कोणत्याही संस्थेला लागू पडाव्यात अशा आहेत.

लाइक आणि व्ह्यू म्हणजे संपर्क नव्हे का?

हे समजण्यासाठी मंचांचे तंत्र पाहावे लागते. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर चर्चच्या पानाला हजार फॉलोअर असले तरी प्रत्येक पोस्ट हजारांना दिसत नाही. कोणाला काय दाखवायचे हे अल्गोरिदम ठरवतो आणि त्याचा कौल प्रतिसादावर अवलंबून असतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने न्यूज फीडमध्ये बदल करून मित्र आणि कुटुंबीयांच्या संवादाला प्राधान्य दिले. पानांच्या पोस्ट मागे पडल्या. ज्या मजकुरावर लोक तावातावाने प्रतिक्रिया देतात तो वर येतो, हेही पुढे लक्षात आले. म्हणजे आजींच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छांपेक्षा उपासनापद्धतीवरून झालेला वाद अधिक दूर जातो. वाद वाढवला तर आकडे वाढतात, हा मोह इथूनच सुरू होतो.

शिवाय आकडे फसवे असतात. काही सेकंद पाहिलेला व्हिडीओही ‘व्ह्यू’मध्ये मोजला जाऊ शकतो. एकाच घरातले पाच जण एका फोनवर मिस्सा पाहत असतील तर ती एकच नोंद होते. त्यामुळे व्ह्यू किती, यापेक्षा प्रतिसाद देणारा कोण, त्याला उत्तर मिळाले का आणि पुढे काय झाले, हे प्रश्न जास्त उपयोगी ठरतात. रात्री साडेअकराला ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढाच संदेश आला आणि त्यावर फक्त हात जोडल्याची इमोजी गेली, तर संपर्क झाला असे म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी फोन गेला किंवा कुणी घरी जाऊन आले, तर झाला. पाळकांच्या गृहभेटी ही मंडळ्यांतली जुनी रीत आहे. समाजमाध्यमाने तिची जागा घ्यायची नसून कोणत्या घरी जायला हवे हे कळवायचे आहे.

मग चांगला वापर प्रत्यक्षात कसा दिसतो?

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक माध्यमाला त्याचे काम देणे. मिस्सेच्या वेळा, अंत्यविधीची सूचना, रक्तदात्याची गरज यासाठी व्हॉट्सॲप योग्य. तिथेही फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा सूचनांचा ग्रुप आणि सर्वांना बोलता येईल असा वेगळा ग्रुप ठेवला तर महत्त्वाची सूचना ‘सुप्रभात’च्या फुलांखाली गाडली जात नाही. प्रवचन आणि संगीतासाठी यूट्यूब. कार्यक्रमांची छायाचित्रे आणि गावाबाहेर गेलेल्यांशी नाते यासाठी फेसबुक. तरुणांचे प्रश्न इन्स्टाग्रामवर येतात, पण त्यांची उत्तरे बहुतेकदा समोर बसून द्यावी लागतात. सगळीकडे असण्याचा अट्टहास नको. वर्षभर न हललेले पान नसलेल्या पानापेक्षा वाईट, कारण तिथे कुणी तरी संदेश पाठवून उत्तराची वाट पाहत असतो.

दुसरी पायरी जबाबदारी वाटून देण्याची. पासवर्ड एकाच उत्साही तरुणाकडे असला आणि तो नोकरीसाठी परगावी गेला की पान अनाथ होते. दोन-तीन जणांचा गट, खाते संस्थेच्या ईमेलवर आणि दुहेरी पडताळणी ही किमान व्यवस्था. तिसरी पायरी छोट्या शिस्तींची. निधनाची बातमी कुटुंबीयांआधी ग्रुपला कळू नये. प्रवचनाच्या चित्रफितीला मराठी मथळे द्यावेत, कारण ऐकू न येणाऱ्यांनाही ते हवे असतात. आलेला संदेश खातरजमेशिवाय पुढे ढकलू नये. व्हॉट्सॲपने भारतात २०१८ पासून एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्डची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ही मर्यादा अफवांमुळेच आली आणि धार्मिक ग्रुप त्याला अपवाद नव्हते.

आणि शेवटची पायरी बंद करण्याची. कुटुंबे, शाळा आणि समुदाय यांनी उपकरणांविना वेळ राखावा, असे २०२३ च्या दस्तऐवजातही सुचवले आहे. चोवीस तास उपलब्ध असलेला धर्मगुरू थोड्याच दिवसांत कोणालाच नीट उपलब्ध राहत नाही. उत्तर कधी मिळेल आणि तातडी असेल तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे पानावर लिहून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

गोपनीयता आणि मुलांची सुरक्षितता हा कळीचा मुद्दा का?

सर्वांत मोठी हानी इथेच होते आणि ती बहुधा चांगल्या हेतूने होते. ‘अमुक ताईंच्या मुलीचा गर्भपात झाला आहे, प्रार्थना करा’ असा संदेश तीनशे जणांच्या ग्रुपवर गेला की तो परत घेता येत नाही. कुणी स्क्रीनशॉट काढतो, कुणी नातेवाइकांना पाठवतो. व्यसन, मानसिक आजार, वैवाहिक कलह, एचआयव्ही याबाबत तर एका ओळीने माणसाचे गावातले जगणे अवघड होऊ शकते. म्हणून प्रार्थनेची विनंती टाकण्याआधी त्या व्यक्तीची परवानगी घेणे आणि परवानगी नसेल तर नाव आणि तपशील टाळणे, हा नियम अनेक ठिकाणी लिखित स्वरूपात आला आहे.

मुलांबाबत काळजी आणखी कडक हवी. चर्चमधील लैंगिक अत्याचारांची प्रकरणे अनेक देशांत उघड झाल्यानंतर प्रौढ आणि अल्पवयीन यांच्यातील खासगी चॅटकडे धोक्याची जागा म्हणून पाहिले जाते. युवक गटात किमान दोन प्रौढ असणे, पालकांना गटाची माहिती असणे, आपोआप पुसले जाणारे संदेश न वापरणे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची छायाचित्रे पालकांच्या संमतीनेच टाकणे, ही त्यातून आलेली पथ्ये. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्यांच्या विदेसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हे तत्त्व घातले आहे.

बनावट खाती आणि एआयने धोका वाढला का?

हो. धर्मगुरूचे छायाचित्र लावून नवा क्रमांक सुरू करायचा आणि ‘अडचणीत आहे, पैसे पाठवा’ असे लिहायचे, ही फसवणूक अनेक देशांत चालते. ज्याच्यावर विश्वास सर्वाधिक, त्याचेच सोंग घेतले जाते. देणगीचा क्यूआर कोड अधिकृत ठिकाणीच ठेवणे आणि पैशांची मागणी कधीही खासगी संदेशातून होणार नाही हे वारंवार सांगणे आवश्यक ठरते.

मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे फुगीर पांढऱ्या जाकिटातले छायाचित्र जगभर फिरले. ते एआयने बनवलेले होते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील एका कॅथलिक संस्थेने प्रश्नांना उत्तरे देणारा ‘फादर जस्टिन’ नावाचा एआय अवतार आणला. तो स्वतःला खरा धर्मगुरू म्हणवू लागला, कबुलीही ऐकू लागला. टीका झाल्यावर काही दिवसांतच संस्थेने त्याचा पाद्रीवेश काढून घेतला आणि तो नुसता ‘जस्टिन’ झाला. माहिती देणे यंत्राला जमते. दुःख ऐकून घेण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकता येत नाही, हे या फजितीने दाखवले.

भारतात कायद्याची बाजू काय?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १९६ गटांमध्ये शत्रुत्व वाढवण्याबाबत, तर कलम २९९ धार्मिक भावना जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने दुखावण्याबाबत आहे. दोन्हींत इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर येतो. व्हॉट्सॲप ग्रुपमधील सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी समान हेतू नसेल तर ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. पण कायद्याने सुटका झाली म्हणून सामाजिक जबाबदारी संपत नाही. बहुधर्मीय गावात चर्चचे पान शेजारीही वाचतात. आपल्या लोकांसाठी म्हणून केलेला विनोद त्यांना टोचू शकतो. पोस्ट करण्याआधी ती शेजाऱ्याने वाचली तर चालेल का, हा निकष इथे कायद्यापेक्षा अधिक कामाचा आहे.

पुढे काय?

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी कार्लो अक्युतिस याला संत घोषित केले. १९९१ मध्ये जन्मलेल्या आणि २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या या मुलाने ख्रिस्तप्रसादाशी संबंधित चमत्कारांची माहिती देणारे संकेतस्थळ तयार केले होते. त्याची ओळख ‘इंटरनेटचा संत’ अशी झाली, पण त्याला ओळखणारे त्याच्या रोजच्या मिस्सेची आणि रस्त्यावरच्या बेघरांशी असलेल्या मैत्रीची आठवण अधिक सांगतात. त्याआधी जुलैमध्ये डिजिटल मिशनऱ्यांसमोर बोलताना पोप लिओ यांनी जाळी दुरुस्त करणाऱ्या कोळ्यांचे उदाहरण दिले आणि आता नात्यांची जाळी विणायला हवीत असे आवाहन केले.

जाळे फाटले आहे हे कोळ्याला किनाऱ्यावर बसून, प्रत्येक गाठ हाताखालून घालवूनच कळते. चर्चच्या बाबतीत ती गाठ म्हणजे एकेक माणूस. पुढील काळात नवे मंच येतील, जुने ओस पडतील, नियमही बदलतील. मात्र महिनाअखेरीस गटाने बसून ऑनलाइन आलेल्या निरोपांची वही काढावी आणि त्यातील किती जणांना फोन गेला, किती घरी कुणी जाऊन आले, कोण राहून गेले, एवढे तपासावे. त्या वहीतले उत्तर कोणत्याही ॲपच्या आकडेवारीपेक्षा खरे असेल.